विहिरीतल्या पोरीसाठी रोडगे

८ नोव्हेंबर १९९८, रविवार. सिंदी

ही डायरी माझ्या पोराले, मुकेशले, बियाण्याच्या दुकानातून फुकट भेटली होती. पुठ्ठ्यावर कापसाचं बोंड आहे. जानेवारीपासून कोरीच पडली होती, मी तिच्यावर दुधाचं भगुनं ठेवत होती, त्याचा गोल डाग पडला आहे. आजपासून तिच्यात लिहायचं. मी दुसरीपर्यंत शिकली. तिसरीत धाकटा भाऊ झाला, त्याले सांभाळायले कोणी नव्हतं, मंग मीच. तो भाऊ पुढं मॅट्रिक झाला. असो, ते नाई सांगायचं होतं.

झालं असं. शाळा सुटेपर्यंत मी वाचनालयाच्या पायरीवर बसते, वर्षालीची वाट पाहत. वर्षाली माझी नात, सातवीत आहे. तिच्यासंगं चार-सहा पोट्टे येऊन बसतात अन् मी त्यायले राजाच्या, राक्षसाच्या गोष्टी सांगते. वाचनालयाच्या सुलोचनाबाई आतून दोन वर्षांपासून ऐकून राह्यल्या होत्या म्हणे. मले कुठं माहीत!

आज त्यायनं मले आत बोलावलं, खुर्ची दिली. आपल्याच गावचे एक गृहस्थ नागपूरले मोठे झाले, ते मायच्या नावानं सहावी-सातवीच्या पन्नास पोट्ट्यायले एकेक कादंबरी देणार आहेत. कायमची, परत घेणार नाई. कादंबरी म्हणजे लांब गोष्ट. पोथीसारखीच जाड, पण वाचली तर पुण्य लागत नाई. बाईंनी कितीतरी पाहून तीन वेगळ्या काढल्या आहेत. त्यातून एक निवडायची. निवडणारे तिघं. मोठे हेडमास्तर होते ते प्रभाकरराव गुरुजी, सुलोचनाबाई, अन् तिसरी मी.

मले वाटलं थट्टा करून राह्यल्या. मी म्हटलं, “बाई, मी बोट ठेवून वाचते. एका ओळीले एक घोट चहा लागते.”

“मंग चहा जास्त प्या,” म्हणे. “वाचून झालं की जे वाटते ते लिहून ठेवा. तेरा डिसेंबरले बैठक आहे.”

पुस्तकं गुरुजींकडून वाचून माझ्याकडे आली. माझ्यानंतर बाई. एक लाल, एक पिवळं, एक करड्या रंगाचं. मी औषधाच्या गोळ्याही रंगानंच ओळखते, तसंच ह्यायचं.

वर्षाली म्हणे, “आजी, तू गुरुजीसमोर बोलशीन? लोकं हासतीन तुले. अन् मंग मले.”

मले हासण्याचं भेव नाई. भेव दुसरंच आहे. ह्या पोट्ट्यायच्या घरी शाळेच्या पुस्तकाबिगर एक पुस्तक नाई. आमच्या घरी तरी कुठं आहे? हे त्यायचं पहिलं. अन् माझ्यापायी ते खराब निघालं तर पोट्टे म्हणतीन पुस्तकं अशीच असतात, अन् जन्मभर हात लावणार नाईत. पन्नास लेकरं. बाप्पा!

१० नोव्हेंबर, मंगळवार

लाल पुस्तक सुरू केलं. कागद असा गुळगुळीत की बोट घसरते. पहिल्या पानावर सकाळ लिवली आहे, पाखरं, दव, सगळं. खरंच सकाळ झाल्यासारखी वाटली अन् मी उठून अंगण झाडलं. अंगण आधीच झाडलेलं होतं. सूनबाई पाहतच राह्यली.

छापलेल्या अक्षरात एवढी ताकद असते! मले कोणी आधी काऊन नाई सांगतलं?

१५ नोव्हेंबर, रविवार

लाल संपलं. सहा दिवस अन् चहा मोजला नाई.

लिहू का नको? कोणी पाहणार नाई, लिहिते. त्यातला पोरगा पहिल्या नंबरचा. खोटं बोलत नाई, रडत नाई, आंघोळीले कंटाळत नाई, चोरही पकडते. असं लेकरू घरी असलं तर त्याची मायच थकून जाईन. अन् जरा काही झालं की पुस्तक थांबते अन् आपल्याले सांगते, मुलांनो, यातून आपण काय शिकलो. अरे, आम्ही वाचून राह्यलो नं, थांब ना!

मले ह्यायची आठवण आली. हे म्हणजे वर्षालीचा आजा. जिनात, सरकी काढतात तिथं, कापूस पाह्यच्या कामावर होते. कापसाची बैलबंडी आली की वरचा पांढराशुभ्र कापूस ते पाहतच नव्हते. वर तर सगळेच चांगला ठेवतात. बाही चढवून कोपरापर्यंत हात आत घालायचे, मधली मूठ काढायचे, अन् दोन बोटाच्या चिमटीत धाग्याची तार ओढून पाह्यचे. कधी कधी मधात कवडी निघायची, पिवळी, किडकी. गाडीवाला मंग दुसरीकडे पाहायचा.

लाल पुस्तकाच्या मधात मी हात घातला. आता एवढंच लिहिते.

पण आज चक्कीवर गुरुजी भेटले. पिठाच्या हातानंच पाया पडली. ते म्हणे, “आनंदाबाई, तांबडं पुस्तक उत्तम आहे. संस्कार आहेत त्यात. पिवळं ठीक. करडं मात्र सुमार. एक मुलगी मेंढ्या राखते, बस. पुढे काही घडतच नाही.”

ते माझ्या मुकेशचे हेडमास्तर. अर्ध्या गावाले त्यायनंच शिकवलं. मंग मीच चुकत असन. लाल पुस्तक पुन्हा चाळलं. सकाळ अजूनही चांगली वाटते.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

पिवळं पुस्तक चार दिवसात झालं! तीन शहरातले पोट्टे अन् एक बोलका पोपट. मी इतकी हासली की मुकेश म्हणे, “माय, दवाखान्यात नेऊ का?” पण आज आठवून पाह्यलं तर पोपटाबिगर काही आठवत नाई. जत्रेतली बुढ्ढीके बाल खाल्ल्यावाणी झालं. तोंड गोड, पोट रिकामं.

२३ नोव्हेंबर, सोमवार

आज माझं मन ठिकाणावर नाई.

करडं पुस्तक घेतलं होतं. कागद खरबरीत, चित्र नाई. धनगराची पोरगी, नाव लंकी, वर्षालीएवढीच. कळप एका गावाहून दुसऱ्या गावाले चालला आहे. लंगडं कोकरू मागं राहते अन् एका पडक्या, कोरड्या विहिरीत पडते. लंकी त्याच्यासाठी दोराले धरून उतरते. बापाले वाटते ती मागच्या टोळीत मावशीसंगं आहे. मावशीले वाटते ती बापासंगं आहे. कळप निघून जाते. अन् दोर तुटते.

बत्तीसाव्या पानावर दोर तुटते. पुढचं पान उलटवाले गेली तर उलटत नाई! पानं वरच्या अंगानं एकमेकाले जोडलेली. खळीनं चिकटली नाई, कागदच एक आहे, दुमडलेला, कापायचा राहून गेला. अशी सोळा पानं.

वाचनालयाचं पुस्तक कसं फाडू? अन् सुलोचनाबाई ट्रेनिंगले वर्ध्याले गेल्या, बुधवारी येतीन.

पोरगी विहिरीत आहे अन् कोणाले माहीत नाई. फक्त मले माहीत आहे.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

वरणात मीठ दोनदा टाकलं. सूनबाई म्हणे, “मामंजी गेले तेव्हाही तुम्ही असं नव्हतं केलं, आत्याबाई.”

वर्षालीले सांगतलं. तिनं टीव्ही पाहता पाहता ऐकलं. मंग टीव्ही बंद केला. “अन् कोकरू?” म्हणे.

“तेही आतच.”

“पाणी हाय का विहिरीत?”

“नाई.”

“मंग पेतीन काय?”

मले कुठं माहीत, बाई? मी फटीतून डोळा लावून पाह्यला. दोन ओळी दिसल्या, त्याही उलट्या. एक शब्द लागला, ‘अंधार’.

दुपारी वावरात गेली. आमच्या बांधाच्या धुऱ्यावर मारोती आहे, निंबाखाली. दिवा लावला अन् तोंडातून निघूनच गेलं, “बाप्पा, लंकी सुखरूप वर येऊ दे. तुझ्यापुढं रोडग्याचा स्वैपाक करीन, दहा-वीस लोकं जेवू घालीन.” मुकेशले टायफाइड झालता तेव्हा असंच बोलली होती. गोवरीच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. मारोतीले आवडते.

बोलल्यावर जरा बरं वाटलं.

२५ नोव्हेंबर, बुधवार

शाळा सुटल्यावर वर्षाली फाटकातूनच ओरडली, “आजी, निघाली का वं?” तिच्यामागं चार पोरी, त्याही थांबल्या. तिनं वर्गात सांगतलं होतं!

सुलोचनाबाई आल्या नाई, अजून दोन दिवस म्हणे.

घरी आल्यावर वर्षालीनं काय केलं, आजाची बारदान कापायची सुरी काढून आणली. ह्या सुरीनं हे कापसाची गाठ चिरून आतला नमुना काढायचे. “आजी, काप.”

“वाचनालयाचं आहे, बाई.”

“अन् ती मेली म्हणजे?”

मी देवाजवळ हात जोडले अन् सुरी घातली. सुरी बारदानाची, कागदावर धार वाकडीतिकडी गेली, पानाचे काठ कुतरल्यासारखे झाले. पण पानं उघडली. इतकी कोरी, कोणाचं बोट लागलं नाई अशी. जिथं कोणी गेलं नाई अशा खोलीत आपण पहिले पाय ठेवतो, तसं वाटलं.

मले एक गोष्ट समजली नाई. गुरुजींनी तर हे आधी वाचलं आहे. मंग जोडलेली पानं कशी वाचली असतीन?

वर्षाली म्हणे, “तेच तर, आजी!” अन् फिदीफिदी हासू लागली. मी तिले रागावली. शिकलेल्या माणसायची विद्या आपल्याले काय समजते? जुने वैद्य नाडीवर बोट ठेवून पोटातलं सांगत होते, ते का पोट कापून पाहत होते?

२८ नोव्हेंबर, शनिवार

लंकी निघाली.

मी अन् वर्षाली दोघीनं मिळून वाचलं. मी बोट ठेवायची, ती पुढं जायची, मंग माझ्यासाठी थांबायची. मले वाटलं आता कोणी येईन. गुराखी येईन, साधू येईन. माझ्या गोष्टीत तर अशा वेळी देव येतेच येते, मी स्वतः आणते त्याले. सोळा पानं कोणी आलं नाई. पोरीच्या कमरेले लोकर कातायची चाती होती, लोखंडी टोकाची. तिनं त्या चातीनं विहिरीच्या भिताडात एक खोबण केली. पाय ठेवला. मंग दुसरी. कोकरू ओढणीनं पाठीले बांधलेलं. तीनदा घसरली. तिसऱ्यांदा खाली पडल्यावर ती कोकराले शिव्या देते, तुझ्यापायी झालं म्हणते, अन् मंग त्यालेच कवटाळून रडते. तिथं वर्षाली उठून बाहेर गेली. नळावर तोंड धुऊन आली अन् म्हणे, “हं, वाच.”

पुढं कळप शोधणं आहे, बापाची भेट आहे, तेही चांगलं. पण मी त्या सोळा पानातून अजून निघाली नाई. पांढऱ्या कागदावर काळ्या मुंग्यांसारखी अक्षरं, अन् त्यातून एवढी खोल विहीर कशी होते? लिवणाऱ्या माणसानं कुठून पाह्यला तो अंधार? पन्नास वर्षं मी गोष्टी सांगून राह्यली अन् मले माहीतच नव्हतं की गोष्ट अशीही असते.

मुकेशले नवसाचं सांगतलं तर तो पोट धरून हासला. “माय, पुस्तक छापून तीन वर्षं झाले. पोरगी तेव्हाच निघाली होती नं वर!”

“मले कुठं माहीत होतं?” मी म्हटलं. “मी बोलली तेव्हा ती आतच होती.”

मंग तो पिशवी शोधाले उठला. वांगे आणून देतो म्हणे.

६ डिसेंबर, रविवार

पुस्तकं सुलोचनाबाईकडे देऊन आठ दिवस झाले. आज त्यायनं बोलावून विचारलं, “आनंदाबाई, करड्या पुस्तकाची पानं तुम्ही कापली?”

सगळं कबूल केलं, सुरी, मारोती, सगळं. भरून देते म्हटलं.

बाईनं डोळ्याले पदर लावला. हासून राह्यल्या का रडून, समजलं नाई. म्हणे, “किती पानं जोडलेली होती?”

“सोळा. पण गुरुजींनी न कापता कशी वाचली, बाई?”

“मलाही माहीत नाही. तुम्हीच विचारा त्यांना बैठकीत.”

म्हणजे त्यायलेही ती विद्या येत नाई. बरं वाटलं.

पण बैठकीचं मले भेव वाटून राह्यलं. गुरुजी लाल म्हणणार. माझं मन करड्यावर. त्यायच्यापुढं उभी राहून नाई कसं म्हणू? मुकेश पाचवीत नापास होत होता, त्यायनं उन्हाळाभर घरी बसवून शिकवला, एक पैसा घेतला नाई. अशा माणसापुढं माझी दुसरी यत्ता काय चीज आहे? चूप बसावं, लाल तर लाल, असंही मनात येते. मंग वर्षाली दिसते, नळावर तोंड धुताना.

१३ डिसेंबर, रविवार

बैठक झाली. काही तरी बिघडवलं मी.

गुरुजी पहिले बोलले, कागदावरून. लालले शंभरातून नव्वद, पिवळ्याले साठ, करड्याले तीस. “भाषा अशुद्ध, पात्रं अशिक्षित, आणि कथानक नाही. मुलगी मेंढ्यांमागे चालते आणि चालतच राहते.”

मंग माझी पाळी. पदर घट्ट धरला अन् म्हटलं, “गुरुजी, लालचं पहिलं पान लई चांगलं आहे. पण ह्यायची सवय मले लागली, मधात हात घालायची. लालच्या मधात पोरगा नाई, नुसता उपदेश आहे. पोट्टे आठ पानं वाचतीन अन् फळीवर ठेवून देतीन. करड्याची तार लांब आहे. कितीही ओढली तरी तुटत नाई. ती पोरगी विहिरीत उतरते तेव्हा…”

“कोणती विहीर?” गुरुजी म्हणे.

मले वाटलं माझी परीक्षा घेऊन राह्यले, मी खरंच वाचलं का म्हणून. मंग मी सगळी विहीर सांगतली. चाती, खोबणी, तीनदा पडणं, कोकराले दिलेल्या शिव्याही सांगतल्या, गुरुजीसमोर!

अन् शेवटी मी हात जोडले. “गुरुजी, रागावू नका, एक विद्या मले शिकवा. पानं जोडलेली होती, मले तर सुरी घालावी लागली. तुम्ही न कापता कशी वाचली?”

सुलोचनाबाई खिडकीतून बाहेर पाहू लागल्या.

गुरुजींनी करडं पुस्तक हातात घेतलं. कुतरलेल्या काठावरून अंगठा फिरवला, हळूहळू, एकेक पान. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, लावला, पुन्हा काढला.

“सुलोचनाबाई,” ते म्हणे, “माझे गुण आज लिहू नका. हे पुस्तक मी नेतो. पुढच्या रविवारी बसू.”

जाताना मी पाया पडाले वाकली तर त्यायनं पाय मागं घेतले. “आज नको, आनंदाबाई.”

रागावले नं? मी मोठ्या माणसाले चारचौघात सवाल केला. वर्षाली मात्र घरभर नाचली. ह्या पोरीले कशाचा आनंद झाला तेही समजत नाई.

१८ डिसेंबर, शुक्रवार

उद्या नवस फेडायचा. गुरुजींच्या घरी स्वतः बोलावणं द्यायले गेली, म्हटलं राग असन तर निघून जाईन. ते ओसरीवर होते, पुस्तक मांडीवर, मिटलेलंच. “कशाचा नवस?” म्हणे. मी सांगतलं. मले वाटलं हासतीन. हासले नाईत. “येतो,” म्हणे.

१९ डिसेंबर, शनिवार

सकाळपासून वावरात. मुकेशनं गोवऱ्या रचल्या, सूनबाईनं कणीक मळली, सुलोचनाबाई साडी खोचून वांगे चिराले बसल्या. वर्षालीच्या वर्गातल्या अकरा पोरी आल्या, सगळ्यायले लंकीचं माहीत. एकीनं मारोतीले विचारलं, “कोकराचाही नवस यातच का?” मी म्हटलं, यातच.

गुरुजी बंडीवाटेनं पायी आले, काखेत करडं पुस्तक. निंबाच्या मुळीवर बसले अन् पुस्तक उघडलं. मी पाणी नेऊन दिलं तेव्हा पाह्यलं, त्यायचं बोट ओळीवर होतं. माझ्यासारखंच! एवढे शिकलेले, अन् बोट ठेवून वाचत होते.

आर पडला, रोडगे पुरले, निघाले, राख झटकली, तूप टाकलं. मारोतीले निवद दाखवला. पंगत बसली. गुरुजींचं पान वाढून तयार. मी जवळ जाऊन म्हटलं, “गुरुजी, चला, थंडं होते.”

त्यायनं मान वर केली नाई. नुसता हात उचलला. “थांबा हो बाई,” म्हणे, अन् आवाज असा की मी जागीच थांबली. “मुलगी अजून विहिरीतच आहे.”

वर्षालीनं हातातला घास खाली ठेवला. मंग दुसरीनं ठेवला. मंग साऱ्यायनं. कोणी सांगतलं नाई त्यायले. गुरुजीचं बोट सरकत होतं अन् आम्ही सगळे त्या बोटाकडे पाहत बसलो, सुलोचनाबाईसुद्धा.

मी परत आराजवळ गेली अन् सगळ्यायचे रोडगे पुन्हा गरम राखेत ठेवले. एकदा वाचून झालेलं पुस्तक, तरी एवढा जीव लावून पुन्हा वाचतात. शिकलेला माणूस म्हणतात तो असा.